वापरण्यापूर्वीची बाई

जाहिरातीत दोन चेहरे शेजारी शेजारी असतात. उजवीकडच्या चेहऱ्याखाली 'वापरल्यानंतर' असं लिहिलेलं असतं आणि तो हसत असतो. डावीकडच्या चेहऱ्याखाली 'वापरण्यापूर्वी' असं लिहिलेलं असतं. ती मी.

क्रीम, केसांचं तेल, शक्तीच्या गोळ्या, पाठीला आराम देणारी गादी, या सगळ्यांच्या आधी मी येऊन गेले आहे. एकदा तर पाण्याच्या टाकीच्याही. टाकी बसवण्यापूर्वी मी किती दमले होते ते बघून लोकांनी भराभर टाक्या घेतल्या, असं कंपनीनं कळवलं होतं. उजवीकडच्या बाया बदलत राहतात, कारण त्यांचं वय होतं. माझं काम मात्र वयाबरोबर वाढतच जाणार, असा धीर मला काम मिळवून देणारी बाई अधूनमधून देते. तिला मी कास्टिंगवाली म्हणते. तिचा स्वभाव चांगला आहे, फक्त धीर देण्याची पद्धत अशी आहे.

लोकांना वाटतं, मी नुसती जाऊन उभी राहते आणि ते फोटो काढतात. तसं नसतं. दमलेलं दिसणं ही मेहनतीची कला आहे. रंगरंगोटी मी स्वतः करते, सामान स्वतः विकत आणते, आणि कुठल्याच कंपनीची नोकर नसल्यामुळे कराचं विवरणपत्रही स्वतःच भरते. नवऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याचा कर पगारातूनच कापला जातो, त्यामुळे तो कराकडे हवामान असल्यासारखं बघतो. आज जरा जास्त आहे, एवढंच म्हणतो.

आमच्या मजल्यावर एक नर्तकी राहते. समारंभांमध्ये नाचते. सगळे तिला गिरकीताई म्हणतात. ती आमच्या दारात उभी राहून सांगत होती की नखं, केस, खोट्या पापण्या, दातांचं पॉलिश, सगळं ती धंद्याचा खर्च म्हणून दाखवते आणि सगळ्याची वजावट मिळते. मी विचारलं, पायाच्या नखांचीसुद्धा? ती म्हणाली, "तीही नाचतात ना माझ्याबरोबर." मग तिनं मला वेड्यात काढलं. माझा तर सगळा धंदाच चेहऱ्यावर चालतो आणि मी चेहऱ्याचा एक रुपयाही दाखवत नाही, म्हणजे सरकारला मी फुकट चेहरा पुरवतेय, असं तिचं म्हणणं पडलं. मला ते लागलं. माझी मुलगी तेव्हा माझ्या खांद्यावर होती आणि माझ्या कानातली रिंग ओढत होती. तिला सगळे घंटी म्हणतात. हे नाव सासूबाईंनी ठेवलं. घरातल्या कोणी डोळा मिटला की ती वाजते, म्हणून.

गिरकीताईच्याच ओळखीनं मी एका करसल्लागाराकडे गेले. कपडे रफू करणाऱ्या दुकानाच्या वरच्या खोलीत तो बसतो. खालून मशीनची टकटक चालू असते, तिच्या तालावर तो आकडेमोड करतो आणि मशीन थांबलं की तोही थांबतो. त्यानं मला नियम समजावला. जो खर्च फक्त धंद्यासाठी होतो आणि बाकी कुठेच उपयोगी पडत नाही, तोच खरा खर्च. मी माझ्या खर्चाची दोन बाबींत विभागणी करून नेली होती. पहिली, चेहरा बिघडवणे: डोळ्यांभोवतीचा जांभळा रंग, राखी पावडर, ओठ फुटल्यासारखे दिसावेत म्हणून लागणारा एक चिकट पदार्थ, केस रुक्ष करण्याचा साबण. दुसरी, चेहरा पूर्ववत करणे: हे सगळं कातडीत मुरतं, ते काढायला प्रत्येक शूटिंगनंतर फेशियल करावं लागतं, नाहीतर पुढच्या वेळी बिघडवायला जागाच उरत नाही.

सल्लागार खुर्चीतून उठला आणि खोलीत फेऱ्या मारायला लागला. इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ प्रकरण आपल्याकडे आलं नाही, असं तो म्हणाला. गिरकीताईच्या पापण्या नाच झाल्यावर तिच्याबरोबर घरी येतात, लग्नकार्याला जातात. त्यांच्यावर कोणीही बोट ठेवू शकेल. "पण तुम्ही मला सांगा, डोळ्याखालची काळी वर्तुळं लावून तुम्ही कुठे मिरवायला जाता?"

मी मान खाली घातली. तो त्याला होकार समजला.

आता पावत्या. पार्लरवालीकडे मी दोन वर्षं जाते. केस मुद्दाम वाकडेतिकडे कापून दिल्याची पावती द्या, एवढंच मी मागितलं. तिनं कात्री खाली ठेवली. तशी पावती बाहेर गेली तर आपल्याकडे कोण येईल, असा तिचा प्रश्न होता आणि त्यात तथ्य होतं. आधीच मी तिच्या दुकानातून तशी बाहेर पडताना ती मला मागच्या दारानं सोडते. शेवटी बरीच घासाघीस होऊन तिनं लिहून दिलं: 'केशरचना (ग्राहकाच्या आग्रहावरून, आमचा सल्ला डावलून).' खाली तिनं सही केली नाही, फक्त शिक्का मारला. शिक्काही जरा पुसट मारला.

विवरणपत्र संगणकावर भरायचं होतं. त्यात कलाकारांसाठी खर्चाचे प्रकार तयार होते. सौंदर्यप्रसाधन होतं, वेशभूषा होती, चेहऱ्याला सुधारणारं सगळं होतं. बिघडवणारं काही नव्हतं. मी मदतीच्या नंबरावर फोन केला. पलीकडच्या मुलीनं माझं सगळं ऐकून घेतलं, मला दोनदा थांबायला सांगितलं, आणि शेवटी सौंदर्यप्रसाधनातच टाका म्हणाली. मी म्हटलं, ते खोटं होईल. ती म्हणाली, मग 'इतर' करा. 'इतर'च्या रकान्याला अक्षरांची मर्यादा होती. त्यात 'चेहरा बिघड' एवढंच मावलं, आणि तेवढ्यावरच माझं विवरणपत्र सरकारजमा झालं.

मग नोटीस आली. नोटिशीची भाषा अतिशय सभ्य होती. त्यामुळे जास्त झोंबली. त्यात म्हटलं होतं की करदात्या महिलेचं जाहिरातीतलं छायाचित्र आणि ओळखपत्रावरचं छायाचित्र कार्यालयानं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं असता दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही. सबब, चेहरा बिघडवण्यासाठी खर्च झाल्याचं मानता येत नाही. म्हणणं मांडायचं असल्यास समक्ष हजर राहावं.

आता ओळखपत्रावरचा फोटो कुणाचा चांगला येतो? त्यातून माझा काढला तेव्हा घंटी जेमतेम महिन्याची होती आणि रांग जिन्यापर्यंत होती. हे मी सगळ्यांना समजावून सांगत होते, तेवढ्यात सासूबाईंनी चष्मा लावून दोन्ही फोटो पुढे-मागे धरून बघितले. त्या खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा जुना त्रास आहे. म्हणाल्या, "सारखेच आहेत गं. हा ओळखपत्रावरचा थोडा जास्त दमलेला वाटतो, इतकंच."

नवरा म्हणाला, सोडून दे, रक्कम ती केवढी. रक्कम खरंच फार नव्हती. पण त्या 'सबब'नं माझी झोप उडाली, म्हणजे जी काही होती ती. मी हरले तर सरकारदरबारी कायमचं नोंदलं जाणार होतं की ही बाई काही करत नाही, ही अशीच आहे. आणि कास्टिंगवालीनं फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं की कंपन्यांकडे दोन दर असतात. एक कलाकाराचा, आणि एक आयता चेहरा मिळाला तर त्याचा. आयत्याचा अर्थात कमी. नोटिशीचा निकाल कुठे पसरू देऊ नकोस, म्हणाली.

सल्लागाराच्या मते उपाय सोपा होता. मेकअपशिवायचा पण ताजातवाना असा माझा एक फोटो सादर करायचा, म्हणजे फरक आपोआप दिसेल. आम्ही फोटो शोधायला बसलो. लग्नातले सुरुवातीलाच बाद झाले. त्यात इतका मेकअप आहे की तोच एक वेगळा खर्च ठरला असता. कॉलेजातल्या फोटोंत मी इतकी बारीक आहे की नवऱ्यानंच विचारलं, ही कोण? आणि घंटी झाल्यापासूनचे फोटो हजारोंनी आहेत, पण ते घंटीचे आहेत. त्यांत मी आहे, नाही असं नाही. एका फोटोत माझं कोपर आहे. एकात ती पडू नये म्हणून मागून धरणारा हात आहे. एकात माझी सावली आहे आणि ती फोटो काढते आहे. सल्लागारानं सगळे पाहिले आणि कोपराचा पुरावा चालत नाही असं सांगितलं.

मग फोटोची आशा सोडून प्रत्यक्ष मलाच ताजंतवानं करून हजर करायचं ठरलं. त्यासाठी मला सलग झोप मिळणं आवश्यक होतं, आणि हे एकदा कळल्यावर आख्खी इमारत कामाला लागली. सुनावणीच्या आदल्या रविवारची दुपार माझ्या झोपेसाठी मुक्रर झाली. गिरकीताईनं डोळ्यांवर ठेवायची गार पट्टी आणून दिली. सासूबाईंनी घंटीला आपल्या खोलीत नेलं. तळमजल्यावर एक निवृत्त काका राहतात. ते सोसायटीचे नियम लिहितात, म्हणून नियमकाका. त्यांनी जिन्यात सूचना लावली की अमुक मजल्यावर महत्त्वाची झोप चालू आहे, आवाज करू नये. सूचना लावल्याचं सांगायला त्यांनी आमची बेल वाजवली.

मी परत आडवी झाले. थोड्या वेळानं नवऱ्यानं दार हळूच उघडून, झोपलीस का, असं विचारलं. घंटीचे ओले रुमाल कुठे ठेवलेत ते त्याला हवं होतं. मी सांगितलं. मग त्यानं येऊन सांगितलं की सापडले. मग कास्टिंगवालीचा फोन आला. तिच्या कानावर झोपेची बातमी गेली होती आणि पुढच्या आठवड्यात शूटिंग असल्यामुळे ती घाबरली होती. झोप, पण फार नको, म्हणाली. त्यानंतर मात्र घरात पूर्ण शांतता झाली. पूर्ण म्हणजे इतकी की मी डोळ्यांवरची गार पट्टी काढून उठून बसले. घंटीचा आवाज का येत नाही? अनवाणी सासूबाईंच्या खोलीत गेले. दोघी गाढ झोपल्या होत्या. घंटीचं पोट वरखाली होतंय असं वाटत होतं, पण वाटण्यावर कोण विसंबतं? मी तिच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास व्यवस्थित होता. मग ती उठली, मग सासूबाई उठल्या, आणि तो रविवार तिथे संपला.

झोपेचा बेत फसल्यावर शेवटचा आधार पार्लरवालीचा उरला. सुनावणीच्या आदल्या दिवशी तिनं मला खुर्चीत बसवून तिला येत होतं ते सगळं माझ्या चेहऱ्यावर केलं. आधीची पुसट शिक्क्याची पावती जिव्हारी लागली असावी. या वेळची पावती तिनं स्वतःहून दिली, ठळक शिक्का मारला आणि पुढच्या दारानं सोडलं.

करकचेरीत मी घंटीला घेऊनच गेले, कारण सकाळी ती माझ्या गळ्यातून सुटायला तयार नव्हती. रात्री तिचा एक दात यायचा होता. तो आला नाही, पण त्याची वाट आम्ही दोघींनी मिळून बघितली. खोलीत चार टेबलं होती आणि प्रत्येकावर फायलींचे ढीग, एकावर एक, मधे माणसाचा चेहरा दिसण्यापुरती जागा सोडलेली. आमचे अधिकारी मध्यमवयीन होते. हळू बोलायचे आणि प्रत्येक वाक्याआधी मॅडम म्हणायचे. त्यांनी जाहिरात पाहिली. मला पाहिलं. पुन्हा जाहिरात पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर अडचणीत सापडलेल्या सज्जन माणसाचा भाव आला.

तेवढ्यात सल्लागार पुढे वाकला. "साहेब, बाई थेट शूटिंगवरून आल्यात. मेकअपमध्येच आहेत."

अधिकाऱ्यांचा जीव भांड्यात पडला. असं होय, मग प्रश्नच मिटला, म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना त्यांनी बोलावलं, कारण अशा गोष्टींतलं बायकांना जास्त कळतं असं त्यांचं मत असावं. बाई आल्या, चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे जवळून बघत राहिल्या. कमाल आहे, म्हणाल्या. इतक्या जवळूनही रंग कळत नाही. डोळ्याखालचं काम तर अगदी खरं वाटतं. अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मी गप्प राहिले असते तर सही झाली असती. सल्लागार टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होता. पण समोर त्या बाई माझं कौतुक करत होत्या, माझ्या कलेचं, आणि त्यात माझी कला औषधालासुद्धा नव्हती. ते मला सहन होईना.

"मेकअप नाहीये," मी म्हटलं. "हा माझा चेहरा आहे."

बाकीच्या तीन टेबलांवरची पानं उलटायची थांबली. सल्लागारानं पाय काढून घेतला आणि बॅग मांडीवर घेतली, निघायच्या तयारीनं. अधिकाऱ्यांनी टोपण परत लावलं. अतिशय हळू आवाजात म्हणाले, "मग मॅडम, खर्च कुठे आहे?"

"दाखवते," मी म्हटलं.

घंटीला मी त्या बाईंच्या कडेवर दिलं. तिच्याच पिशवीत, दुधाची बाटली आणि जादा कपड्यांच्या मधे, माझी रंगांची डबी असते. फायलींच्या ढिगाला आरसा टेकवून ठेवला आणि अर्ध्या चेहऱ्यावर कामाला लागले. डाव्या. सवयीनं.

नवशिके डोळ्याखाली काळं फासतात. दमणूक डोळ्याखाली सुरू होत नाही, ती नाकाच्या कडेला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात सुरू होते आणि तिथून पसरते. जांभळा रंग तिथे, बोटाच्या टोकानं, चोळायचा नाही, नुसता थोपटायचा. त्यावर राखी पावडर, म्हणजे कातडीवर उजेड ठरत नाही. ओठाच्या कोपऱ्यापासून खाली एक रेघ, केसाएवढी, दिसली तर चुकली. पापणीला चिकट थेंब, म्हणजे ती अर्ध्यावर येऊन विचार करत बसते. भुवई मधोमध जराशी विस्कटायची. एवढं झालं की खांदा आपोआप खाली येतो, तो मुद्दाम करावा लागत नाही. मला आजूबाजूचा विसर पडला होता. मान वर केली तेव्हा टेबलाभोवती गर्दी होती.

अधिकाऱ्यांनी स्वतःचा पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. कुणीतरी पाठीची खुर्ची आणली. बाहेर ताटकळत बसलेला एक करदाता दारातून डोकावला होता. त्यानं 'माझ्या आधी यांना जाऊ द्या' असं सांगितलं, माझाच नंबर चालू असताना. त्या बाई म्हणाल्या, तुम्ही घरी जाऊन पडा आता, बाकीचं उद्या बघता येईल. आणि घंटीनं त्यांच्या कडेवरून माझ्याकडे बघितलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि माझ्या डाव्या गालाकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगितलं, "आई निन्नी."

"पहिली बाब," अधिकारी म्हणाले, "पूर्ण मान्य." त्यांनी सही केली. लोक आपापल्या टेबलांकडे गेले. आयुष्यात प्रथमच माझ्या कामाची पोच मला कागदावर मिळत होती आणि ती सरकारनं दिली होती. मी ताठ बसले. म्हणजे उजव्या बाजूनं.

मग त्यांनी पान उलटलं. दुसरी बाब. चेहरा पूर्ववत करणे.

"म्हणजे मॅडम, ही दुसरी बाजू?"

मी हो म्हटलं.

"ही पूर्ववत झालेली आहे?"

मी कालची पावती पुढे केली. ठळक शिक्क्याची. त्यांनी ती वाचली आणि माझ्या उजव्या गालाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मदतीसाठी शेजारच्या बाईंकडे पाहिलं. बाईंना घंटीच्या झबल्याचं बटण एकदम फार महत्त्वाचं वाटायला लागलं. सल्लागार छताच्या पंख्याकडे बघत होता.

"राग मानू नका," अधिकारी म्हणाले. त्यांचा आवाज आजारी माणसाच्या खोलीतला झाला होता. "खर्चाचा परिणाम प्रत्यक्ष पाहणीत दिसला पाहिजे, असा नियम आहे."

आणि त्यांनी दुसरी बाब खोडली. खोडतानासुद्धा पट्टी लावून, सरळ रेघेत, शक्य तितक्या आदरानं खोडली.

जिना उतरताना सल्लागार हवेत होता. मोठी बाब मिळाली, असला निकाल यापूर्वी झालेला नाही, आता सगळ्या वापरण्यापूर्वीच्या बाया आपल्याकडे येतील, असं त्याचं चाललं होतं. घंटी माझ्या खांद्यावर पडल्या पडल्या झोपली होती. इतकी गाढ की तिची लाळ माझ्या मानेवरून आत चालली होती. मी मधल्या पायरीवर थांबले आणि विचारलं, दुसऱ्या बाबीवर अपील करता येतं का?

येतं, तो म्हणाला. वरच्या साहेबांसमोर. फक्त तिथेही समक्ष हजर राहावं लागेल, चेहऱ्यासकट. त्यानं एकदा माझ्याकडे आणि एकदा घंटीकडे बघितलं.

"असं करा, ही रात्रभर झोपायला लागली की मला एक फोन टाका."

अपिलाला मुदत किती, मी विचारलं. त्यानं सांगितली. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि अपील राहू द्या म्हटलं.